फसली म्हणजे हिजरी नव्हे : तारखा काढताना या चुका टाळा

तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहिणाऱ्याकडे लोक दोनच प्रश्न घेऊन येतात : कागद कोणते लागतात आणि तारीख काय टाकायची. कागदांची यादी भिंतीवर लावलेली असते. घोळ होतो तो तारखेत, आणि तोही दरवेळी त्याच त्या जागी. तेच ते सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून लिहून ठेवतोय.

उर्दू कागदावरचा सन हिजरी धरणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निजामी काळातली नक्कल हातात येते, कुणीतरी सन १३४४ असं वाचून देतो. मग पोरगं मोबाइल काढतं, हिजरीचं इंग्रजी करून देणारं पान उघडतं आणि अर्ध्या मिनिटात १९२५ सांगून मोकळं होतं. ते पान खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलंच चुकीचं. आपल्याकडच्या, म्हणजे मराठवाड्यातल्या, महसुली कागदावरचा सन बहुतेक वेळा फसली, म्हणजे पिकाच्या हंगामावर चालणारा, असतो. फसलीत ५९० मिळवायचे. १३४४ म्हणजे १९३४. नऊ वर्षं इकडची तिकडं.

हा फरक पडतो कशामुळे, ते एकदा समजून घेतलं की पुन्हा चूक होत नाही. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, ३५४ दिवसांचं. त्यात अधिक महिना नाही, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. पण सारा वसूल करायचा तर पीक घरात आलेलं पाहिजे. वर्ष दरसाल अकरा दिवस मागं सरकायला लागलं तर वसुलीचा महिना एक दिवस पेरणीत येऊन पडेल. म्हणून शहाजहानच्या काळात दख्खनेत हंगामाला धरून चालणारी वेगळी गणना सुरू झाली. तेव्हा, १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ चालू होतं. तोच आकडा फसलीला दिला आणि तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. साधारण तेहतीस वर्षांत हिजरी एका वर्षानं पुढं जातं. त्यामुळे १६३६ ला शून्य असलेला फरक निजामाच्या शेवटच्या दिवसांत नऊ-दहा वर्षांवर गेला. हिजरीत ठरावीक आकडा मिळवून इंग्रजी साल निघत नाही ते यामुळेच. फसलीत निघतं.

त्यातही एक गोम आहे. हैदराबाद संस्थानात फसली साल आजर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या आसपास सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढं ५९१. महिने असे : आजर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. खुर्दाद दिसला की एप्रिल-मेचे दिवस समजायचे.

वसमतकडचे एक काका आले होते. नातवाच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या वारसाचा कागद काढलेला, सन १३४४. कुठल्याशा सेंटरवाल्यानं त्याचं १९२५ करून वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात टाकलं. आणि ज्याचं नाव वारस म्हणून लागलं होतं त्या आजोबांचा शाळेतला जन्म १९२७ चा. म्हणजे जन्माच्या दोन वर्षं आधी माणूस वारस! त्रुटी निघाली, अर्ज परत आला. काका म्हणे, “बघा ना दादा, शाळेचा कागद खोटा का जमिनीचा?” दोन्ही खरे होते. नक्कल पुन्हा वाचून घेतली तर महिना इस्फंदार निघाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी १९३५. आजोबा सात वर्षांचे. मग खालच्या ओळीचाही उलगडा झाला, वारसाच्या नावापुढं आई पालनकर्ती म्हणून लिहिली होती. ज्याने साल काढलं त्याने ती ओळ वाचली असती तरी शंका आली असती. पण ओळ वाचायला वेळ लागतो, आणि आजकाल वेळ कुणाला आहे!

माझी सवय सांगतो. आधी सनाच्या आकड्याला चिकटलेलं अक्षर बघतो. ‘फे’ असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. अक्षर झिजलेलं असेल तर महिना : मोहरम, सफर, रज्जब आले तर हिजरी, वर दिलेले बारा आले तर फसली. मग आकडे. उर्दूतला सात वरून उघडा आणि आठ खालून उघडा असतो. झेरॉक्स उलटी धरून वाचणारे महाभाग मी पाहिलेत. एवढं झाल्यावर साल पेन्सिलीनं लिहायचं आणि घरातल्या कुणाच्या तरी वयाशी ताडून बघायचं. वय जुळलं तरच पेन.

मोडी कागद त्याहून जुना असेल तर त्यावर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरातला सन, असू शकतो. त्याचं वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, आणि मिळवायचे ५९९ किंवा ६००. उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६० ची, शुहूर ११६०. जूनच्या आत आहे म्हणून इथं ६०० लागतात. शक काढताना तसाच पाडवा आडवा येतो : पाडव्यानंतर ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. उदगीरचाच शक १६८१ घ्या, ७८ मिळवलेत तर लढाई वर्षभर आधी होऊन बसेल. शालिवाहनाचं पैठण आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून मिरवायचं आणि शकाचं गणित मात्र पुणेकराला विचारायचं, हे काही बरं नाही.

दोन महिने आणि साठ दिवस एकच समजणे

माझी दुसरी चीड ही. तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करायला जमीन महसूल संहितेत साठ दिवस आहेत. माणूस येतो आणि म्हणतो, “दोन महिने आहेत ना, मग सोयाबीन काढून येतो.”

समजा आदेश १ जुलैला हातात पडला. तो दिवस सोडायचा, २ जुलै हा पहिला दिवस. ३१ जुलैला तीस झाले, ३० ऑगस्टला साठ. आणि दोन महिने धरून बसणारा उगवतो १ सप्टेंबरला. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीसचे, तिथंच दोन दिवस गेले. आता विलंब माफीचा अर्ज लिहा, कारण लिहा, दाखला जोडा. उलट आदेश १ जानेवारीचा असता तर लीप नसलेल्या वर्षी साठ दिवस २ मार्चपर्यंत गेले असते, कारण मध्ये फेब्रुवारी. शेवटचा दिवस रविवार किंवा सुट्टीचा निघाला तर पुढचा कामाचा दिवस चालतो. पण त्या भरवशावर शेवटच्या दिवशी येणाऱ्याचा अर्ज मी लिहितो तो नाइलाजानं.

महिन्याला तीसनं गुणून दिवस काढणं बंद करा. १५ ऑगस्ट १९४७ पासून आपला १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस, किती दिवसांनी आला? तेरा महिने दोन दिवस, म्हणून ३९२, असं उत्तर मिळतं. खरं उत्तर ३९९. एकतीसचे महिने आहेत, आणि १९४८ ला फेब्रुवारी २९ चा होता. दोन्ही टोकं धरलीत तर ४००. टोकं धरायची की सोडायची हे आधी ठरवायचं असतं. अपिलात पहिला दिवस सोडतात. दहाव्या-तेराव्याला मात्र गेलेला दिवसच पहिला : सोमवारी माणूस गेला तर दहावा पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. गुरुवार धरून आचारी सांगणारे दरवर्षी भेटतात.

मी बोटांवर मोजत नाही आणि ॲपवरही मोजत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडे टाकत जातो. पोरं हसतात. हसू द्या.

बाकीच्या, थोडक्यात

अकरा महिन्यांचा भाडेकरार १ जूनला सुरू झाला तर ३० एप्रिलला संपतो. १ मे लिहू नका.

शंभरचं वर्ष लीप धरताना चारनं नाही, चारशेनं भागून बघा. २००० लीप होतं, १९०० नव्हतं. एक्सेलला मात्र आजही १९०० लीप वाटतं.

एक्सेलचं निघालंच आहे तर : ०३/०९ टाकलं की काही कॉम्प्युटर ३ सप्टेंबरचा ९ मार्च करतात आणि आवाजही करत नाहीत. १२ च्या पुढची तारीख असेल तर ती नुसता मजकूर म्हणून डावीकडं चिकटून बसते. अर्ध्या तारखा डावीकडं आणि अर्ध्या उजवीकडं दिसल्या की सगळी यादी संशयानं बघा. महिना अक्षरात लिहा. साल चार आकडी लिहा, नाहीतर २८ साली जन्मलेली आजी २०२८ ला जन्माला येते.

सरकारी राजपत्रावर इंग्रजी तारखेखाली ‘भाद्रपद १२, शके’ असं असतं, ती तिथी नव्हे. ते १९५७ पासूनचं राष्ट्रीय सौर कॅलेंडर. त्याचं वर्ष २२ मार्चला, लीप वर्षात २१ ला सुरू होतं. त्यावरून उपवास धरू नका.

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, सरकारी मध्यरात्री. किल्लारीचा भूकंप विसर्जनाच्या रात्रीचा, म्हणून लोक २९ सप्टेंबर १९९३ सांगतात. पहाटे चारला चार मिनिटं कमी होती, तारीख ३० लागलेली. त्या रात्री जन्मलेल्या लेकराची पत्रिका बुधवारची आणि दाखला गुरुवारचा निघाला तर दोन्ही बरोबर आहेत, भांडू नका.

उत्तरेकडचं पंचांग बघून वद्यातला सण काढू नका. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. परळीची महाशिवरात्र आपण माघात म्हणतो, ते फाल्गुनात. दिवस एकच.

अधिक महिना विसरू नका. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण आदल्या वर्षापेक्षा उशिरा. “गेल्या साली या तारखेला पोळा होता” या हिशेबानं झुली शिवायला टाकल्यात तर बैल हसतील.

आणि १ जून. गुरुजींनी जूनमध्ये नाव घालताना सरसकट टाकलेली ही तारीख आपल्याकडं घरटी एक तरी आहे. सख्ख्या भावांत सात महिन्यांचं अंतर असलेले दाखले मी पाहिलेत. नोकरदारांनी एवढं लक्षात ठेवा : ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. १ जून १९६८ वाला अठ्ठावन्नला ३१ मे २०२६ रोजी घरी. वय काढताना दिवसांना ३६५ नं भागू नका, लीपचे चौदा-पंधरा दिवस चुकतात. आणि सेवापुस्तकातली तारीख बदलायची असेल तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. निरोप समारंभाचे हार सांगून झाल्यावर माझ्याकडं येऊ नका.