फोटोतली बाई कोण? चेहरा सोडा, गळ्यात बघा

तलाठी म्हणून तीस वर्षं खटाव-माणात काढली, त्यामुळे मेलेल्या माणसांची नाती लावणं हे माझं रोजचं काम होतं. घरातलाच एक फोटो मात्र रिटायर होईपर्यंत चुकीचा सांगत आलो. मधे खुर्चीत आजोबा, बाजूला लष्करी वेषात आमचे आप्पा, म्हणजे वडील, त्यांच्या मागं एक चुलता तोही वर्दीत, तीन बायका, दोन पोरं. आप्पांच्या मागं उभी ती आई, असं सगळे म्हणायचे. ती आई नव्हती.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर पहिल्यांदा तो फ्रेममधून सावकाश सोडवा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच ठेवा. मागं अस्तराला वर्तमानपत्र असतं, त्यावरची तारीख फ्रेम केल्याची, फोटोची नव्हे. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असला तर गाव कळतं. मग खिडकीशी, फ्लॅश न लावता मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून बघा. बायकांचा पदर डाव्या खांद्यावर हवा. सगळ्यांचाच उजव्यावर दिसला तर फोटो उलटा छापलाय, आणि तुमचं डावं-उजवं सगळं चुकणार.

आता वर्दी. बाहीवर एक फीत म्हणजे लान्सनाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. टोपीवर बिगुल असेल तर लाइट इन्फंट्री, आपल्याकडे बहुतेक मराठा, पण तेवढ्यावर पैज लावू नका. छातीवरच्या पदकांच्या रंगीत फितींवरून काळ कळतो. आप्पांच्या छातीवर दोन होत्या. 1939-43 स्टार (पुढं त्याचाच 1939-45 झाला) आणि आफ्रिका स्टार या दोन्हींची स्थापना जुलै 1943 मधली, त्याआधी कुणाच्या छातीवर त्या असणं शक्य नाही. फक्त रंगावरून ओळखायला जाऊ नका. त्या वेळच्या बऱ्याच फिल्मवर लाल काळा पडायचा आणि निळा पांढुरका. पट्टे किती आणि किती रुंद, ते मोजा. कपाळावरचं कुंकूही त्यामुळंच काळं दिसतं.

दुसरं टोक पोरांवरून सापडतं. चुलतीच्या मांडीवरचं पोर म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, हे नक्की होतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याची जन्मतारीख 1 जून 1943. हसू नका, त्या पिढीत निम्मं गाव 1 जूनलाच जन्मलंय, कारण मास्तर वय विचारून तीच तारीख टाकायचे. दिवस सोडा, वर्ष साधारण धरा. फोटोत ते पोर जेमतेम बसतंय. म्हणजे फोटो 1943 ची अखेर, नाहीतर 1944.

आणि आईच्या रुखवतातल्या घागरीवर 1947 कोरलेलं आहे.

इथं मी थांबलो. लग्नाआधी तीन-चार वर्षं आई सासरच्या फोटोत डोक्यावर पदर घेऊन कशी उभी राहील?

आत्ती नव्वदीची, फोटोत पुढं परकर-पोलक्यात उभी आहे ती. म्हाताऱ्या माणसाला 'हे कोण?' असं विचारू नका, आणि नाव तर मुळीच सुचवू नका. आपण म्हणू त्याला ती मान डोलावतात. एकेकट्याला विचारा, चार जण जमले की मोठ्या आवाजाचं खरं ठरतं. वस्तूवर बोट ठेवून विचारा. मी म्हटलं, "आत्ती, ही ठुशी कुणाची गं?"

"ठुशी तुझ्या आईची," ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "तिला नंतर मिळाली ती. ही थोरली."

आईच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी, चांदीचा छोटा टाक असायचा. लहानपणी मी त्याच्याशी खेळलोय. तो देवाचा समजत होतो. सवतीचा होता. पहिली वारली की दुसरीनं गळ्यात घालायचा, ही रीत मला ऐकून माहीत होती. आईच्या गळ्यात बघूनही कधी डोक्यात आलं नाही.

मग कागद. गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. जुनं मोडीत असतं, वाचणारा सोबत न्या. 1946 मध्ये नोंद सापडली: आप्पांची बायको, वय 22, ताप. नाव नाही. बायकांच्या नोंदी अशाच असतात. वारसाच्या फेरफारात तर ती यायचीच नव्हती, तिच्या नावावर होतं काय? हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, येतात त्या गावांत त्यांची वही जरूर वाचून घ्या, पण तिथंही पुरुषांचीच रांग असते.

मागं उभ्या चुलत्याचं काम मात्र एका संध्याकाळीत झालं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर 31 डिसेंबर 1947 पर्यंत सेवेत मेलेल्यांची नावं आहेत, पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुक्यासकट. मराठाचं स्पेलिंग तिथं जुन्या पद्धतीनं, मधे 'ह' घालून. आडनावही दोन-तीन प्रकारे टाकून बघा. इटलीत ज्यांना अग्नी दिला त्यांची नावं दफनभूमीतल्या दहन स्मारकांवर असतात. आमचा चुलता सांग्रो नदीच्या तसल्या स्मारकावर सापडला. यादीत नाव नसेल तर माणूस बहुधा परत आला. मग पेन्शनचे कागद शोधा, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

थोरलीचं नाव शेवटी माळ्यावर मिळालं. पितळी तांब्या, काळा पडलेला, चिंचेनं घासला तर गळ्याशी अक्षरं उमटली. माहेरच्यांनी दिलेला. तुम्हीही कागदांआधी भांडी उतरवा, मी उलट केलं आणि सहा महिने घालवले. नाव घरातलं आहे, इथं लिहीत नाही. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, कडेला, लिहिलंय. बॉलपेन पुढून उठतं. नावाखाली हेही: आत्तीनं ठुशीवरून ओळखलं, नाव तांब्यावरून.