जहाजवाल्या पुढाऱ्याचं चरित्र-टिपण कसं लिहावं

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रिन्स एडवर्ड बेटाचे जेम्स पोप (१८२६–१८८५) जहाजं बांधणारे व्यापारी. तीनदा बेटाच्या सरकारचे प्रमुख झाले: १८६५–६७, १८७०–७२ आणि १८७३. १८७३ पर्यंत हे बेट कॅनडात नव्हतं, वेगळी ब्रिटिश वसाहत होतं. अशा माणसाचा धंदा एका परिच्छेदात आणि राजकारण दुसऱ्यात कोंबलं की टिपण फसतं.

१. आधी पोप निवडून घ्या. वडील जोसेफ, पुतण्याही जोसेफ, थोरले बंधू विल्यम हेन्री. त्यात १८७८ च्या ओटावा (कॅनडाच्या केंद्रीय) मंत्रिमंडळात दोन पोप: जेम्सकडे सागरी व मत्स्य खातं, क्विबेकच्या जॉन हेन्रींकडे शेती. जुन्या कात्रणात नुसतं ‘मंत्री पोप’ असेल तर खातं पाहिल्याशिवाय नोंद घेऊ नका.

२. जहाजं हिश्शांनी मोजा. ब्रिटिश नोंदवहीत प्रत्येक जहाजाचे ६४ हिस्से असत. माणसाच्या नावावर १६ असतील तर त्याचं पाव जहाज. नाव दिसलं की अख्खं जहाज त्याच्या खात्यावर चढवणं ही नेहमीची चूक. टनभार आणि विक्रीची तारीखही टिपा. तिथली पुष्कळ जहाजं बांधून ब्रिटनमध्ये विकली जात.

३. पौंड कुठला? बेटाचा पौंड लंडनच्या पौंडापेक्षा हलका होता आणि १८७१ मध्ये तिथे डॉलर आला. तिन्ही रकमा एकाच बेरजेत घेतल्या की हिशेब गेलाच.

४. रेल्वेवर जास्त वेळ द्या, सगळी गोम तिथेच आहे. पोप सरकारच्या १८७१ च्या रेल्वे कायद्यात खर्चाची मर्यादा मैलामागे होती, एकूण मैलांवर मात्र बंधन नव्हतं. मैल वाढले की कंत्राटदाराचे पैसे वाढणार! दोन रुळांमधली रुंदी साडेतीन फूट. टेकड्या कापण्याऐवजी त्यांना वळसे घालत मार्ग गेला. नकाशावर दोन स्थानकांतलं सरळ अंतर आणि रेल्वेमार्गाची लांबी मोजून पाहा. याच वादात १८७२ मध्ये पोप सरकार पडलं. पण बेटाचं रेल्वेचं कर्ज वाढतच गेलं.

५. मतं तारखेनिशी लिहा. १८६६ मध्ये कोणत्याही अटींवर कॅनडात जाणं बेटाच्या हिताचं नाही, असा ठराव पोप यांनीच आणला. विलीनीकरणवादी विल्यम हेन्रींनी त्यावरून राजीनामा दिला. १८७३ मध्ये तेच जेम्स अधिक चांगल्या अटी मागायला ओटावाला गेले. १ जुलैला बेट प्रांत झालं, रेल्वेचा बोजा ओटावाने उचलला. त्यामुळे त्याआधीच्या कारकिर्दीला ‘प्रांताचे’ नव्हे, ‘वसाहतीचे’ प्रमुख म्हणा.