'प्रायमर' पाहण्यापूर्वी आणि पाहून झाल्यावर

शेन करूथ यांचा 'प्रायमर' हा २००४ चा कालप्रवासावरचा अमेरिकी चित्रपट ७७ मिनिटांचा आहे, तो सुमारे ७,००० डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याच वर्षी त्याला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुण्यात चित्रपटांची आवड असणाऱ्या मंडळींमध्ये त्याचे नाव निघाले की कोणीतरी हमखास म्हणते, "अर्ध्यावर बंद केला, काही कळेना." अशी तक्रार करणारे बहुतेक जण पहिल्या मिनिटापासून कोडे सोडवायला बसलेले असतात आणि तिथेच सगळे बिनसते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की हा चित्रपट पहिल्यांदा त्यातल्या माणसांसाठी पाहावा, दुसऱ्यांदा त्यातल्या यंत्रासाठी पाहावा आणि या दोन वेळांच्या मध्ये कागद-पेन्सिल घेऊन थोडा वेळ बसावे.

तयारी फारशी लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर पाहू नये, कारण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपलेला तो ट्यूबलाइटचा पिवळट-हिरवट उजेड लहान पडद्यावर नुसता कळकट दिसतो. इंग्रजी उपशीर्षके अवश्य लावावीत. यातली पात्रे एकमेकांचे बोलणे तोडत, अर्धी वाक्ये टाकत, अभियंत्यांच्या परिभाषेत बोलतात आणि इंग्रजीवर उत्तम पकड असणाऱ्या माणसालाही त्यातले बरेच निसटते. सोबत दोन-तीन जण असावेत. मात्र ज्याने आधी पाहिला आहे त्याने ७७ मिनिटे तोंड उघडायचे नाही, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

पहिल्या खेपेला तांत्रिक संवाद कानावरून जाऊ द्यावेत. करूथ गणित शिकलेले, सॉफ्टवेअरच्या नोकरीतून आलेले. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि प्रमुख भूमिका हे सगळे त्यांनी स्वतः केले. प्रेक्षकासाठी सोपे करून सांगायचे नाही, हा त्यांचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय दिसतो. तेव्हा आपण चेहऱ्यांकडे पाहावे. पांढरे शर्ट आणि टाय घातलेले चार मित्र एका गॅरेजमध्ये जोडधंदा करत असतात. मोटारीतून काढलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसारख्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) वस्तूंपासून उपकरण उभे राहते. आणि शोध हाती लागताच चारांचे दोन कसे होतात, बाकीच्या दोघांना किती सहज बाजूला काढले जाते, हे नीट पाहिले तर पुढचा सगळा अविश्वास तिथेच रुजलेला दिसतो. उरलेल्या दोन मित्रांपैकी एब हा एरनला दुर्बीण देऊन दूरवरची गोदामे दाखवतो आणि तिथे आत शिरणारा माणूस म्हणजे दुसरा एबच असतो, तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ना कॅमेऱ्याची करामत, ना संगीताचा धक्का. भर उन्हात एक माणूस चालत जातो, एवढेच दिसते. कमी पैशांत चित्रपट करायचा तर कल्पना किती नेमकी असावी लागते, हे त्या एका दृश्यात कळते.

आता कागद घ्यावा. कालप्रवासाचे हे यंत्र म्हणजे माणूस आत पडून राहू शकेल अशी एक पेटी. तिचा नियम एकच आहे आणि तो पुण्यातल्या उदाहरणाने सांगतो. समजा, पेटी बिबवेवाडीतल्या एका गोदामात आहे. सकाळी ८.४५ ला तुम्ही तिथे जाता, टायमर लावता आणि निघून जाता. ९ वाजता पेटी आपोआप सुरू होते. ही १५ मिनिटांची सोय अशासाठी, की ९ वाजता पेटीतून जो कोणी बाहेर पडेल त्याची आणि तुमची गाठ पडू नये. दिवसभर तुम्ही लोणावळ्याच्या एखाद्या हॉटेलच्या खोलीत फोन बंद करून बसता आणि कोणालाही भेटत नाही. दुपारी ३.३० ला शेअर बाजार बंद झाला की कोणता शेअर चढला ते पाहता, गोदामात परतता आणि ५ वाजता पेटीत शिरता. आत पूर्ण आठ तास पडून राहावे लागते, कारण परतीच्या प्रवासालाही तेवढाच वेळ लागतो. बाहेर पडता तेव्हा सकाळचे ९ वाजलेले असतात आणि बाजार उघडायचा असतो.

कागदावर ९ पासून ५ पर्यंत डावीकडून उजवीकडे जाणारी रेघ ओढावी, तिच्या खाली ५ पासून ९ कडे परत येणारी दुसरी आणि त्याखाली ९ पासून पुन्हा उजवीकडे, ५ च्याही पुढे जाणारी तिसरी. आता सकाळी ११ वर पट्टी उभी धरली, तर ती तुमची रेघ तीन ठिकाणी छेदते. एक तुम्ही लोणावळ्यात आहात, एक पेटीत उलट्या दिशेने येत आहात आणि एक दलाल स्ट्रीटच्या खबरा घेऊन पुण्यात मोकळे फिरत आहात. संध्याकाळी ५ नंतर पट्टी फक्त एकाच रेघेला लागते. एवढी आकृती स्वतःच्या हाताने काढली की चित्रपटाचा पहिला अर्धा भाग पुरता उलगडतो. तयार तक्ते पाहून तसे होत नाही, म्हणून ते आधी पाहू नयेत.

याच आकृतीतून दुसरी गोष्टही आपोआप निघते: पेटी सुरू होण्यापूर्वीच्या काळात जाता येत नाही. हा निव्वळ कथेच्या सोयीचा नियम नाही. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये 'वर्महोल'मधून, म्हणजे अवकाश-काळातल्या दोन जागा जोडणाऱ्या बोगद्यासारख्या काल्पनिक रचनेतून, कालप्रवासाची जी सैद्धांतिक शक्यता मांडली, तिलाही हीच मर्यादा आहे. त्यामुळे चित्रपटात कोणती पेटी कधीपासून चालू होती, हा प्रश्न कळीचा ठरतो. उत्तरार्धात पाय घसरतो तो नेमका इथे. दुसऱ्यांदा पाहताना गोदामात किती पेट्या आहेत, त्यांतली कोणती गुपचूप आधीपासून चालू ठेवलेली आहे आणि त्याची माहिती कोणाला आहे, एवढ्याच प्रश्नांचा पाठपुरावा करावा. शिवाय निवेदकाचा आवाज लक्ष देऊन ऐकावा. तो फोनवरून कोणाला तरी हकिगत सांगतो आहे. तो कोण आणि ऐकणारा कोण, हे कळले की कानातले इअरफोन, कानातून येणारे रक्त आणि बिघडत गेलेले हस्ताक्षर यांना अर्थ येतो.

काही जागा मात्र रिकाम्याच राहतात. ग्रेंजर नावाचे गृहस्थ दाढी वाढलेल्या अवस्थेत अचानक कसे अवतरतात, याचा खुलासा चित्रपट देत नाही, कारण ते एब आणि एरनलाही कळलेले नसते आणि आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळू द्यायचे नाही असे दिग्दर्शकाने ठरवलेले आहे. आपल्याकडून निसटलेले आणि मुद्दाम न सांगितलेले यांतला फरक ओळखता आला की वैताग निम्म्याने कमी होतो.

मराठी वाचकाला हा प्रांत परका नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते आणि इतिहास दुसऱ्याच वाटेने जातो. ती कथा ज्यांना भावली त्यांना 'प्रायमर'मधला बदलत जाणारा भूतकाळ लवकर पटेल. याउलट नाचो विगालोंदो यांच्या 'टाइमक्राइम्स' या २००७ च्या स्पॅनिश चित्रपटात भूतकाळ बदलतच नाही, जे घडले तेच पुन्हा घडत राहते. कालप्रवासाचे चित्रपट पूर्वी पाहिलेच नसतील, तर आधी तो पाहावा. त्यातले फेरे मोजके आहेत, ते चित्रपट चालू असतानाच मनात मांडता येतात आणि रेघांची सवय झाल्यावर 'प्रायमर' हाती घेणे पुष्कळ सोपे जाते.