खुर्ची मागे सरकली तेव्हा

परदेशातल्या पहिल्या नोकरीचा पहिला आठवडा. शेजारच्या टेबलावरचे सहकारी मला एक प्रोग्रॅम समजावून सांगत होते. स्क्रीन नीट दिसावा म्हणून मी खुर्ची जवळ ओढली, त्यांनी आपली मागे घेतली. मी पुन्हा सरकले, ते पुन्हा मागे. ‘यांना आपण नकोसे झालोय’ असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि पुढचे दोन महिने त्यांना एकही शंका विचारली नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, “माझं काही चुकलं का? तुम्ही येणंच बंद केलंत.”

फार वाईट वाटलं. शिकवायला तयार असलेला माणूस शेजारी होता आणि हातभर अंतराचा भलता अर्थ लावून मी दोन महिने घालवले होते.

एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाचं काम मला त्यानंतर कळलं. १९६०च्या दशकात त्यांनी अमेरिकी लोकांच्या निरीक्षणावरून अंतराचे टप्पे मांडले. साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत फक्त अगदी जिवाभावाची माणसं, तिथून सव्वा मीटरपर्यंत मित्र आणि ओळखीचे, त्यापुढे साडेतीन मीटरपर्यंत कामापुरते संबंध. हे आकडे सगळ्या जगाला लागू होत नाहीत, असं त्यांनीच बजावलं होतं. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२ देशांच्या पाहणीत ते स्पष्ट दिसलं. अनोळखी माणसाने किती लांब असावं, याचं उत्तर अर्जेंटिनात सरासरी पाऊण मीटर, तर रोमानियात जवळजवळ दुप्पट. तरी तेच रोमानियन लोक जवळच्या मित्राला बरंच जवळ येऊ देतात. तेव्हा ‘तिकडची माणसं थंड असतात’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

शांततेचंही असंच. २००९मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास झाला. हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर यायला डॅनिशमध्ये सरासरी अर्धा सेकंद लागतो, जपानीत जवळपास काहीच नाही. फरक एवढासाच, पण बैठकीत तो अर्धा सेकंद सहन न होऊन मीच पुढचं बोलून मोकळी व्हायचे. समोरच्याचा मुद्दा तोंडातच राहायचा. आता प्रश्न विचारला की मनात तीन अंक मोजते. नव्याने जाणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हीच सवय लावून घ्यायला सांगते.

हातवाऱ्यांच्या याद्या मीही पाठ केल्या होत्या. बल्गेरियात मान वर-खाली हलवली तर ‘नाही’, इराणमध्ये अंगठा दाखवणं परंपरेने अपमानाचं, वगैरे. माहीत असावं, पण रोजच्या कामात अडचण यायची ती अशा ठळक खुणांमुळे नव्हे. खूण वेगळी असली की आपण निदान विचारतो तरी. अंतर, नजर, थांबणं यांचा अर्थ मात्र न विचारताच लावतो आणि तो थेट माणसाच्या स्वभावावर ढकलतो.

म्हणून पहिल्या भेटीत नमस्कार-चमत्कार झाले की मी जागीच उभी राहते आणि अंतर समोरच्याला ठरवू देते. हात पुढे आला तर हात, नाही तर नुसतं हसणं. कोणी नजर टाळत असेल तर दोन-तीन भेटी होईपर्यंत काहीच मत बनवत नाही. कित्येक ठिकाणी वरिष्ठांसमोर नजर खाली ठेवणं हाच आदर असतो.

आणि स्क्रीन दिसत नसेल तर खुर्ची न ओढता म्हणते, “जरा माझ्याकडे वळवता का?”