जर्मनीत भाषा शिकायला निघालात? पहिल्या पंधरवड्यातल्या या चुका टाळा

मी नाशकात जर्मन शिकवते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये निघणारी मुलं निरोप घ्यायला येतात आणि एप्रिल-ऑक्टोबर उजाडला की त्यांचे फोन सुरू होतात. अडचणी दरवर्षी त्याच. वर्गात सांगून झालेलं असतं, वहीत लिहूनही घेतलेलं असतं, तरी विमानातून उतरल्यावर प्रत्येकाला कुणीतरी ‘सोपा मार्ग’ सांगणारा भेटतोच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पत्त्याची नोंदणी होणार नाही अशी खोली घेणं. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्टसोबत घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, की हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो. नुसता भाडेकरार चालत नाही. नोंदणी टाळली तर हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो, पण दंडापेक्षा पुढची साखळी वाईट आहे.

सिडकोतला माझा एक विद्यार्थी लाइपझिगला गेला. हुशार, बी-वन (भाषेच्या ए-वन ते सी-टू या पातळ्यांपैकी मधली) उत्तम गुणांनी पास झालेला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला स्वस्तात खोली मिळाली. ज्याने दिली तो स्वतःच भाडेकरू होता आणि मूळ मालकाला याची कल्पनाच नव्हती. सहीचं पत्र कोण देणार? पत्र नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून त्याने गाठलेल्या बँकेने खातं उघडायला नकार दिला. खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधली (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठराविकच रक्कम मिळते) महिन्याची रक्कम सुटेना. वडिलांनी दहा लाखांच्या वर रक्कम त्यात भरलेली, आणि पोरगा तिथे उसनवारीवर बटाटे उकडून खातोय. घरी सांगायची सोय नाही, म्हणून रात्री मला फोन. तेवढ्यात कुणीतरी त्याला पैसे घेऊन पत्ता ‘देणारा’ माणूस सुचवला. पोराला मी फोनवरच खडसावलं. न राहणाऱ्या माणसाला नोंदणीसाठी पत्ता दिला, तर देणाऱ्याला पन्नास हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही. व्हिसावर आलेल्या मुलाने असल्या फंदात पडायचंच नाही. शेवटी त्याने महाग पण कागद देणारी वसतिगृहातली खोली घेतली, तेव्हा गाडं रुळावर आलं.

म्हणून माझ्या मुलांना मी एकच सवय लावते. खोलीचं भाडं विचारायच्या आधी ‘नोंदणीचं पत्र मिळेल का?’ हे लेखी विचारायचं. उत्तर गोलमोल आलं की पुढचा पत्ता बघायचा, मग खोली कितीही झकास असो. कार्यालयाची वेळही नाशकातूनच ऑनलाइन घेऊन ठेवायची, कारण मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. वेळ उशिराची मिळाली तर आपण आधीच प्रयत्न केल्याचा पुरावा म्हणून आरक्षणाचा मेल जपून ठेवायचा.

नोंदणी झाली की काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं. महिन्याला १८.३६ युरो. मुलं घाबरतात किंवा फसवणूक समजून फाडून टाकतात. ते खरं असतं. मात्र शुल्क घरामागे एकच, त्यामुळे फ्लॅटमधलं आधीच कुणी भरत असेल तर त्याचा शुल्काचा क्रमांक कळवायचा.

शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पोचणारं तिकीट काढू नका. रविवारी दुकानं बंद असतात. स्टेशनवरची आणि पेट्रोल पंपावरची तेवढी उघडी, आणि ती महाग. मंगळवारी सकाळी उतरलेला मुलगा संध्याकाळपर्यंत स्थिरावतो.

आयांना हात जोडून विनंती: साजूक तूप, पेढे, खवा बॅगेत भरू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. चिवडा, मेतकूट, गोडा मसाला खुशाल द्या.

डॉइचलँड-टिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. विनातिकीट सापडलात तर साठ युरो.

आता दुसरी मोठी चूक, जिच्यापायी माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो. भाषा शिकायला गेलेली मुलं भाषा बोलतच नाहीत. नाशिकरोडची एक मुलगी फ्रायबुर्गला मराठी मुलींसोबत राहिली. सकाळी वर्ग, दुपारी एकत्र स्वयंपाक, रात्री मालिका. बाहेर इंग्रजीवर भागायचं. चाचणीत गुण छान. मग एका शनिवारी तिला सणकून ताप आला. सुट्टीच्या दिवशीच्या वैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे ११६११७. तिने फोन लावला, पलीकडून भराभर प्रश्न आले: कधीपासून, किती ताप, कुठल्या भागात राहता. हे सगळे शब्द तिने ए-टूलाच पाठ केलेले होते. तरी घशातून आवाज फुटेना, आणि तिने फोन ठेवून दिला. नशिबाने शेजारच्या आजींनी दार उघडलं आणि तिच्यासाठी त्या बोलल्या.

व्याकरण संपलं की बोलू, म्हणणारी मुलं कधीच बोलत नाहीत. सहा महिन्यांत सी-वन उरकायची घाई असलेल्यांना तर बेकरीत पाच मिनिटं घालवणंही जड जातं. माझा उपाय साधा आहे. पहिल्या दिवसापासून रोज सकाळी त्याच वेळी त्याच बेकरीत जायचं. एकच ब्र्योट्शन (छोटा पाव) घ्यायचा, पण त्यासोबत एक नवं वाक्य बोलायचं. ते आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून मोठ्याने म्हणून बघायचं. समोरच्याने इंग्रजीत उत्तर दिलं तरी आपण हसून जर्मनच चालू ठेवायचं. आठवडाभरात ती बाई तुम्हाला ओळखते, मग तीच काहीतरी विचारते.

फोनचीही अशीच तयारी हवी. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि पिनकोड एका कागदावर लिहा, आडनावाची अक्षरं जर्मनमध्ये एकेक करून सांगायला शिका. ‘क्षीरसागर’ किंवा ‘देशपांडे’ फोनवर ऐकून तिथे कुणालाच लिहिता येणार नाही. तो कागद भिंतीवर चिकटवा आणि पहिला फोन आजारपणात नको, पहिल्याच आठवड्यात करा: ग्रंथालयाची वेळ विचारा, नाहीतर केशकर्तनालयात जागा आहे का ते विचारा.