माजी सैनिक संघटनेचा आणि तिच्या स्मृती सभागृहाचा इतिहास कसा लिहावा

स्थानिक माजी सैनिक संघटनेचा इतिहास लिहू पाहणारे बहुतेक जण सभागृहाच्या कोनशिलेपासून आरंभ करतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण संघटना आणि वास्तू यांची वये सहसा जुळत नाहीत. युद्धावरून परतलेली माणसे आधी कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत जमू लागतात, मग वर्गणी गोळा होते, आणि इमारत उभी राहीपर्यंत संस्थापकांपैकी काही जण निवर्तलेलेही असतात. पुढे संघटना सरते आणि वास्तू उरते, असेही घडते. अमेरिकेतील यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने लढलेल्यांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना १८६६ मध्ये स्थापन झाली आणि तिचा अखेरचा सदस्य १९५६ मध्ये वारल्यावर संपुष्टात आली. तिची काही सभागृहे मात्र अजून उभी आहेत. म्हणून दोन स्वतंत्र कालपट आखावेत, एक माणसांचा आणि एक वास्तूचा, व त्यांची गाठ कुठे पडते ते नंतर पाहावे.

माणसांच्या कालपटासाठी सर्वप्रथम इतिवृत्ताच्या वह्या मिळवाव्यात. स्मरणिकेतील ‘संक्षिप्त इतिहास’ बहुधा आधीच्या स्मरणिकेवरून उतरवलेला असतो, तेव्हा त्यावर विसंबू नये. संघटना एखाद्या मोठ्या संस्थेची शाखा असल्यास जुन्या नावांचाही शोध घ्यावा. ब्रिटनमधील ‘ब्रिटिश लीजन’ १९२१ मध्ये चार संघटनांच्या एकत्रीकरणातून निर्माण झाली. त्यामुळे तिच्या एखाद्या शाखेची सर्वांत जुनी वही भलत्याच नावाने नोंदलेली आढळू शकते.

वास्तूसाठी जमिनीचे खरेदीखत किंवा दानपत्र, मंजूर नकाशा आणि जमाखर्चाच्या वह्या पाहाव्यात. कोनशिलेवर समारंभाला आलेल्या पाहुण्याचे नाव असते; छपराचे पैसे कुणी दिले आणि कर्ज किती वर्षे फिटत होते, हे खजिनदाराच्या वहीतच कळते.

सर्वाधिक वेळ मात्र सभागृहातील नामफलकाला, म्हणजे युद्धात मरण पावलेल्यांची नावे कोरलेल्या फलकाला द्यावा. समोरून काढलेल्या छायाचित्रात झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत एका बाजूने, फलकाला जवळजवळ समांतर टाकला की कोरीव अक्षरांच्या कडांना सावली येते आणि पुसट नावही वाचता येते. मग नावांचा क्रम तपासावा. वर्णानुक्रमाने चाललेल्या यादीच्या तळाशी क्रम मोडून आलेली दोन-तीन नावे, किंचित निराळ्या वळणाची अक्षरे किंवा रंगाची वेगळी छटा दिसली, तर ती नावे मागाहून घातलेली असण्याचा संभव असतो आणि त्यासंबंधीचा ठराव इतिवृत्तात शोधता येतो. ती का राहून गेली होती, हा प्रश्न कधीकधी अवघड ठरतो, पण तो टाळू नये.

फलकावरील वर्षांनीही गोंधळून जाऊ नये. पहिल्या महायुद्धाची युद्धबंदी ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाली, तर व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी. म्हणून कुठे १९१८ असते, तर कुठे १९१९. १९१७ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग तर ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू या युद्धाच्या कालमर्यादेत धरतो. १९२० मध्ये आजाराने गेलेल्या सैनिकाचे नाव फलकावर दिसले, म्हणून ते चुकीचे ठरवण्याची घाई करू नये.

सैनिकाच्या सेवानोंदी सापडल्या नाहीत, तरी त्याने सेवा केलीच नाही असा निष्कर्ष काढू नये. १९४० च्या बॉम्बवर्षावात ब्रिटनमधील पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या सुमारे ६० टक्के सेवानोंदी जळाल्या. अमेरिकेत सेंट लुई येथे १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख संचिका नष्ट झाल्या. अशा वेळी निवृत्तिवेतनाचे कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक आणि घरी जपलेली पत्रे यांचा आधार घ्यावा.

वृद्ध सदस्यांच्या मुलाखती या टप्प्यावर, छायाचित्रे हाताशी घेऊन कराव्यात. ‘सभागृह कधी बांधले?’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर मिळते; छायाचित्रातील खुर्चीवर कोण बसले आहे, असे विचारले की बोलणे खुलते. सांगितलेल्या तारखा वह्यांशी ताडून पाहाव्यात आणि न जुळल्यास दोन्ही द्याव्यात. नावे फलकावर जशी आहेत त्याच वर्णलेखनाने मजकुरात उतरवून दुरुस्त रूप तळटीपेत लिहावे.