जुन्या साडीतून बाळंतविडा: लंगोट, गोधडी आणि कुंची घरी कशी शिवावी

बाळंतविडा म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे दुकानातला सेट येतो. पारदर्शक पिशवीत झबलं, टोपडं, मोजे, सगळं एकाच रंगात. तो घ्यायला हरकत नाही, कोणीतरी आणून देतंच. पण हात शिवणकामाला शिवशिवत असतील तर झबल्या-टोपड्यांच्या ढिगात वेळ घालवू नका, ती महिन्याभरात आखूड होतात. तीनच गोष्टी मनावर घ्या. लंगोट, कारण ते लागतात. गोधडी, कारण ती टिकते. आणि कुंची, म्हणजे पाठीवर घोळ सोडलेली टोपी, निव्वळ हौस म्हणून. पुढची मापं आणि क्रम शिलाई मशीन नसलेल्या घरालाही चालतील असे दिले आहेत.

कधी बसायचं

चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून आड येत नाही. सातव्यानंतर बऱ्याच जणींची बोटं सुजतात, मनगटात मुंग्या येतात, बारीक सुई धरवत नाही. म्हणून डोहाळजेवणाच्या आत कापाकापी आणि लांब शिवणी उरकून घ्याव्यात. जमिनीवर वाकून बसू नका. पाठीला टेकू द्या, मांडीवर उशी ठेवून काम वर आणा आणि अर्ध्या तासाने उठून घरात एक चक्कर मारा.

आता वडीलधाऱ्यांचा मुद्दा. बाळ यायच्या आधी नवं काही शिवू नये, असं इथे इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत अजून म्हणतात. वाद घालून काही मिळत नाही. जुनी साडी धुणं, फाडणं, कडा दुमडणं यात ‘नवं’ काहीच नसतं, तेवढं निवांत करा. कुंचीचे तुकडे कापून, काठ लावून बाजूला ठेवा आणि घोळ जोडायचं काम आजीवर सोपवा. बारशाला बारा दिवस असतात. त्या दिवसांत डिंकाचे लाडू आणि पाहुणे यांतून आजीला दोन घटका बाहेर काढायला असं एखादं काम बरंच.

कापड पारखून घ्या

सगळी मेख इथे आहे. चांगल्या कापडाला साधी शिलाईही चालते. विरलेलं कापड कितीही नीट शिवलं तरी तिसऱ्या धुण्यात जीव सोडतं.

साडी सुतीच हवी. खात्री नसेल तर एक धागा उपसून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. नंतर ताकद बघा. कापड वीतभर अंतरावर दोन्ही मुठींत धरा आणि उजेडापुढे हळूच ताणा. वीण फाकून उजेड दिसू लागला किंवा ‘चर्र’ झालं, तर तो भाग फडक्यांत टाका. पायाशी घासलेली कड आणि कमरेला खोचलेला पट्टा बहुधा आधी विरतो, पदराकडचं कापड दणकट राहतं. धोतराचंही तेच. इथल्या गिरण्यांचं जुनं धोतर ट्रंकेत सापडलं की मन विरघळतं, पण हुकुमचंद मिल 1991 मध्येच बंद पडली. म्हणजे तिथलं कापड तीस वर्षांच्या पुढचंच. घड्यांवर ताणून बघा, घड्यांवरच ते आधी फाटतं.

ट्रंकेवरून आठवलं, डांबरगोळ्या. त्यांत नॅफ्थलीन असेल तर त्याची वाफ नवजात बाळाला वाईट. जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढू शकते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही, हे जन्माआधी कोणाला ठाऊक असतं? म्हणून त्या गोळ्यांत राहिलेली साडी बाळंतविड्याला घेऊच नका. घरात गोधडीजोगी साडी एकच नसते.

अस्तराला आणि झबल्यांना नवी मलमल लागेल, अडीच मीटर पुष्कळ झाली. राजवाड्याजवळचं तुकोजीराव क्लॉथ मार्केट मुख्यतः घाऊक. किरकोळ घ्यायला आसपासच्या बाजारांतली दुकानं बरी. मलमल रात्रभर साध्या पाण्यात भिजवा म्हणजे खळ निघते आणि जेवढं आटायचं तेवढं कापड आधीच आटतं. रंगीत कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर चोळा. फडकं रंगलं की ते कापड बाद.

लंगोट आणि दुपटी

यात कला नाही, मोजणी आहे. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा-आठ वेळा तरी लंगोट भिजवतं, कधी जास्तच. शीचे वेगळे. दोन डझनांखाली भागत नाही. बाळ पावसाळ्यातलं असेल तर तीन डझन, कारण जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत वाळत घातलेलं कापड दोन-दोन दिवस दमटच राहतं.

साडेपाच मीटरच्या साडीतून 55 सेंटिमीटरचे 18 ते 20 चौकोन निघतात. कात्रीने छोटी चीर द्या आणि हाताने फाडा, कापड धाग्यात सरळ फाटतं. कडा अर्धा सेंटिमीटर दोनदा दुमडून धावदोरा घाला. चौकोनाची तिरकी घडी घातली की लंगोट तयार. धुताना सॉफ्टनर वापरू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. ऊन मिळेल तेवढं द्या.

दुपटं म्हणजे 90 सेंटिमीटरचा मऊ चौकोन. चार पुरे. गुंडाळताना छातीशी नीट बसवा, पण पाय मोकळे राहू द्या. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले असतात, ते ओढून सरळ करून आवळले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. बाळ कुशीवर वळायला बघू लागलं की गुंडाळणं बंद.

गोधडी

पुरी होणारी लांबी-रुंदी 100 बाय 75 सेंटिमीटर. एका साडीचे 105 बाय 80 सेंटिमीटरचे चार तुकडे काढा. रुंदीतून जी पट्टी उरते तिच्यातून कडेची गोट आणि लाळेरी निघतात. वरचा आणि खालचा थर तुम्हाला आवडेल तो ठेवा, मधल्या दोन थरांत रंग उडालेलं, डाग पडलेलं सगळं खपतं.

चारही थर फरशीवर एकावर एक पसरून हाताने सुरकुत्या बाहेर काढा. फरशीवरचं काम दुसऱ्या कोणाला तरी सांगा, घरातल्या पुरुषांना हे छान जमतं. मग मध्यापासून चार दिशांना आणि चार कोपऱ्यांकडे लांब कच्चे टाके घाला. हे टाळलं तर मध्यावर फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. कडा आत दुमडून किंवा गोट लावून बंद करा. मग दुहेरी सुती दोरा घेऊन कडेपासून दीड-दोन सेंटिमीटरवर धावदोऱ्याची पहिली ओळ घाला आणि तसंच चौकोनात चौकोन करत आत या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुई चारही थरांतून खाली जाते आहे ना, हे अधूनमधून उलटून बघा. दोरा संपला की गाठ वरच्या थराखाली ओढून लपवा, म्हणजे बाळाच्या पाठीला टोचणार नाही. ओळी थोड्या वाकड्या गेल्या तरी जाऊ द्या. धुतल्यावर कापड आटून चुरगळतं आणि सगळं सारखंच दिसतं.

काम संपल्यावर फ्रिजवरचा लोहचुंबक गोधडीच्या दोन्ही बाजूंनी फिरवा. शिवायला बसताना सुया-टाचण्या मोजायच्या आणि उठताना परत मोजायच्या, ही सवय आत्ताच लावून घ्या.

गोधडी जागेपणी खाली अंथरायची आहे. तेल लावायला, कोवळ्या उन्हात, पालथं खेळवायला. पहिलं वर्षभर बाळ झोपेल तिथे सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही ठेवू नये. बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवावं. डोकं गोल होण्यासाठी मोहरीची उशी शिवून देणाऱ्या मावश्या प्रेमळ असतात. उशी घ्या, आभार माना आणि वापरू नका.

कुंची

बाळ जन्मतं तेव्हा डोक्याचा घेर साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे 2 सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने सुमारे 1 सेंटिमीटरने. बारशाच्या मापाची कुंची म्हणूनच फुकट जाते. खालची मापं सहा-सात महिने चालणारी आहेत, बारशाला थोडी सैल बसेल.

बाहेरून जुन्या माहेश्वरीचा पदर घ्या. इथून महेश्वर जेमतेम नव्वद किलोमीटरवर, त्यामुळे इंदुरी मराठी घरात एखादी माहेश्वरी निघतेच. पण तिच्यात बहुधा रेशमी ताणा असतो आणि काठाला जर, म्हणून आतून मलमलीचं अस्तर हवंच.

1. डोक्यासाठी बाहेरचं कापड 42 बाय 20 आणि अस्तर 42 बाय 22 सेंटिमीटर कापा. घोळासाठी दोन्ही कापडं 74 बाय 42. शिवणीची माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडायची कड, यातच धरली आहे.

2. बाहेरच्या डोक्याच्या तुकड्याला 42 सेंटिमीटरच्या एका बाजूवर काठाची पट्टी शिवा. हीच चेहऱ्याकडची बाजू. घोळाच्या बाहेरच्या तुकड्याच्या खालच्या लांब कडेलाही काठ लावा.

3. डोक्याचा तुकडा सुलट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा, म्हणजे 21 बाय 20 होईल. काठासमोरची 21 सेंटिमीटरची बाजू शिवा. ही मागची शिवण. मागे टोक येतं, ते आवडत नसेल तर कोपऱ्यापासून 3 सेंटिमीटर आत आडवी शिवण घाला. अस्तराचंही तसंच करा.

4. अस्तर बाहेरच्या टोपीत बसवा, दोन्हींच्या शिवणी एकमेकींकडे. चेहऱ्याकडे अस्तर 2 सेंटिमीटर बाहेर डोकावेल. ते दोनदा दुमडून काठावर बाहेरून उलटवा आणि बारीक हेम घाला. आता गालाला जर लागत नाही, मलमल लागते. विकतच्या कुंच्यांत नेमकं हेच नसतं आणि बाळ घातल्या घातल्या रडतं.

5. घोळाची दोन्ही कापडं सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजू शिवा आणि उलटवा. वरची बाजू उघडी राहील. तिथे दोन्ही टोकांना 4-4 सेंटिमीटर सपाट सोडून मधे चुण्या घाला, एकूण रुंदी 38 पर्यंत आणा. टोकाशी चुण्या आल्या तर बाळाच्या हनुवटीखाली बोळा होतो.

6. घोळ डोक्याच्या खालच्या कडेला बाहेरून जोडा. त्याच शिवणीत दोन टोकांना 15 सेंटिमीटरचे कापडी बंद अडकवा. मग अस्तराची कड आत दुमडून हाताने हेम घाला, सगळी माया झाकली जाते.

मोती, टिकल्या, घुंगरू नकोत. ते निघतात आणि तोंडात जातात. गोंडा हवाच असेल तर कापडी फुलाचा, मागच्या टोकाला घट्ट शिवलेला. बंद नेहमी सुरगाठीने बांधा. बाळ पाळण्यात निजवायचं असेल तेव्हा कुंची आधी काढा. डिसेंबरच्या रात्री इथे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन बाहेर जायला कुंचीसारखं काही नाही. मे महिन्यात मात्र नाव ठेवून फोटो काढला की लगेच उतरवायची.

झबल्याबद्दल दोनच गोष्टी

एखादं झबलं शिवणारच असाल तर डोक्यातून घालायचं नको, पुढून एकावर एक येऊन बाजूला बंद बांधायचं शिवा. आणि शिवणीची माया बाहेरच्या बाजूला ठेवा. विचित्र दिसतं, पण पहिला महिनाभर बाळाला जे कोणी बघायला येतात ते शिवण तपासायला येत नाहीत. आत लोंबता दोरा राहू देऊ नका, हातमोज्यांत तर मुळीच नाही. तो बोटाला गुंडाळला जातो आणि बोट सुजेपर्यंत कळत नाही.

बाळ आल्यावर

सव्वा महिना सुई हातात घेऊ नये म्हणतात, डोळे जातात म्हणे. डोळ्यांचं असो, पण दूध पाजताना मान दिवसभर खालीच असते, तिला आणखी वाकवू नका. झोप मिळेल तेव्हा झोपा. राहिलेली गोट राहू दे.

घरात थोरलं मूल असेल तर त्याला उरलेल्या पट्ट्यांतून स्वतःच्या बाहुलीसाठी दुपटं निवडू द्या. बाळाला गुंडाळताना ते शेजारी बाहुलीला गुंडाळत बसतं आणि आपला हात मोकळा राहतो.

कुंची वापरून झाली की गार पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवा आणि जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवा, कडुलिंबाच्या वाळक्या पानांसह. वर्षातून दोनदा काढून घडी बदला, काठाची जर घडीवर मोडते.